आधी मोजा, मग पंप उचला : लष्करी अळीवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मक्यावर चार ओळी काय लिहिल्या, या महिन्यात निम्म्याहून जास्त मेसेज मका खाणाऱ्या (अमेरिकन) लष्करी अळीचेच आलेत. फोटोही भरपूर आलेत, काहींत अळी दिसते, काहींत नुसता पोंगा (झाडाच्या शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं), आणि दोघातिघांनी तर औषधाच्या रिकाम्या बाटल्या ओळीत मांडून फोटो पाठवलाय की हे सगळं मारून झालं, आता पुढं काय. एकेकाला वेगळं उत्तर देणं जमणार नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं काढून टाकलीत, गाव-तालुका तेवढा ठेवलाय.

प्रश्न : मका ३५ दिवसांचा आहे. तीन फवारण्या झाल्या, दुकानदाराने दर वेळी औषध बदलून दिलं, तरी नवीन निघणाऱ्या प्रत्येक पानाला भोकं आहेतच. चौथी कोणती घेऊ?
(कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : दादा, चौथीचं नंतर बघू. आधी सकाळी शेतात जा, भोकं पडलेली दहा-बारा झाडं निवडा आणि त्यांचे पोंगे हाताने उकलून बघा आत जिवंत अळी आहे का. बहुतेक जण इथंच फसतात. पान पोंग्यात गुंडाळलेलं असतं तेव्हाच अळी ते आरपार खाते, म्हणून तर भोकं एका रांगेत दिसतात, आणि ते पान उलगडून बाहेर यायला पुढं काही दिवस जातात. मग अळी मेली तरी वर येणारी दोन-तीन पानं भोकांचीच येणार, ती जुनी जखम आहे, तिला औषध नाही. ताजं नुकसान ओळखायचं विष्ठेवरून. पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी ओलसर विष्ठा भरलेली असेल तर आत पाहुणा आहे समजा, ती वाळून कोरडी झाली असेल आणि आतलं कोवळं पान सुखरूप असेल तर औषधाने आपलं काम केलंय, तुम्ही उगाच पैसे घालवू नका.

आता मोजणी. बांधाकडच्या तीन-चार ओळी सोडून आत शिरा आणि इंग्रजी डब्ल्यू काढल्यासारखे नागमोडी चाला, पाच ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी सलग २० झाडं बघा. झाली १०० झाडं. त्यातल्या जितक्या झाडांवर ताजं नुकसान किंवा अळी सापडली तितके टक्के, हिशोबाला कागदपण लागत नाही. रोपं लहान असताना साधारण ५ टक्के झाले की निंबोळी अर्क किंवा जैविक औषधाची वेळ झाली, पोंग्याच्या मधल्या टप्प्यात १० टक्क्यांच्या वर गेलं तर रासायनिक, आणि पीक उशिराच्या पोंग्यात असेल तर २० टक्क्यांपर्यंत दम धरला तरी चालतो. आफ्रिकेतले शेतकरी मार्गदर्शक तर लहान पिकातसुद्धा २० टक्क्यांच्या आसपास धरतात, कारण मका पानांचं नुकसान बऱ्यापैकी भरून काढतो, आपल्याला वाटतं तेवढा तो नाजूक नाही. दिसायला मात्र फार वाईट दिसतो, आणि नेमकं तेच दुकानदाराच्या फायद्याचं असतं.

मोजलं आणि खरंच १०-२० टक्के निघालं, तर अळीचं माप बघा. मादी पानावर एका ठिकाणी १०० ते २०० अंड्यांचा पुंजका घालते, वर करड्या केसांचं पांघरूण असतं, दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. अळी एकूण सहा अवस्थांतून जाते, गरम हवेत दोन-तीन आठवड्यांत मोठी होते, आणि आयुष्यभरात जेवढं खाते त्यातलं बहुतेक सगळं शेवटच्या दोन अवस्थांत खाते. म्हणजे अर्धा-पाऊण सेंटिमीटरची अळी दिसत असेल तेव्हाच मारण्यात अर्थ आहे. तीन-साडेतीन सेंटिमीटरची जाड अळी पोंग्यात स्वतःच्या विष्ठेच्या बुचाखाली बसलेली असते, तिथवर फवारा पोचतच नाही, आणि तसंही दोन-चार दिवसांत ती जमिनीत उतरून कोष करणारच असते.

औषधांचं बोलायचं तर १५ लिटरच्या पंपाला क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी ६ मिली, किंवा स्पिनेटोरम ११.७ एससी साडेसात मिली, किंवा इमामेक्टीन बेंझोएट ५ एसजी ६ ग्रॅम, यातलं एकच घ्यायचं. किंवा म्हणजे किंवा, तिन्ही मिसळायची नाहीत. तुमच्या तिसऱ्या फवारणीच्या बाटल्यांचा फोटो बघितला, दोन कीटकनाशकं, एक बुरशीनाशक, एक टॉनिक आणि वर १९:१९:१९ खत, त्या मिश्रणातून नेमकं कशाने काय झालं हे कोणीच सांगू शकणार नाही. पुन्हा मारायची वेळ आली तर मागच्या वेळेचा औषधाचा गट (ते अळीला कसं मारतं तो प्रकार) बदला, तेच तेच मारलं की अळी सरावते. आणि नोझल पोंग्याच्या वर धरून आत औषध उतरेल असं मारा, संध्याकाळी किंवा भल्या सकाळी, पीक कमरेएवढं असेल तर एकरी २०० लिटर पाणी लागतंच. चार पंपांत एकर उरकणाऱ्या मजुराला मजुरी स्वस्त पडते, अळीला पण.

प्रश्न : फोटो पाठवतेय, ही अमेरिकन लष्करी अळीच आहे ना? सासरे म्हणतात खोडकिडा आहे, तो तर पूर्वीपासून येतो.
(येवला, जि. नाशिक)

उत्तर : ताई, फोटो नंबर दोनमध्ये अगदी स्पष्ट दिसतंय, लष्करीच आहे. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, आणि शेपटीच्या बाजूला शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनात बसलेले चार काळे ठिपके. या दोन खुणा एकत्र दिसल्या की शंका नको. लहान अळीत वाय नीट दिसत नाही, तेव्हा पानं बघा, अगदी बारक्या अळ्या पानाचा एकाच बाजूचा हिरवा थर खरवडतात आणि पापुद्र्यासारखे पांढरे चट्टे राहतात.

पण सासरेबुवा पूर्ण चुकीचे नाहीत हं, फोटो नंबर चारमध्ये मधला पोंगा सुकलाय आणि ओढला की सुटून हातात येईल असं वाटतंय, ती गाभेमर खोडकिड्याची असू शकते. ते झाड बुडापासून चिरून बघा. एकाच शेतात दोन्ही असणं अगदी कॉमन आहे.

प्रश्न : एकरी पाच कामगंध सापळे लावले. रोज पतंग अडकतायत पण शेतात अळी सापडत नाही. शेजाऱ्याच्या शेतात सापळा नाही आणि अळी मात्र भरपूर. सापळ्याने पतंग ओढून आणतोय का आपण? आणि हे पतंग येतात तरी कुठून?
(सिल्लोड, जि. छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : हा या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, सापळ्यात फक्त नर येतात. ल्यूरला, म्हणजे सापळ्यातल्या आमिषाला, मादीचा वास असतो, त्या वासाला नर भुलतो, अंडी घालणारी मादी त्याकडे फिरकत नाही. त्यामुळे सापळ्यात पतंग म्हणजे तुमच्या शेतात अंडी असं नसतं, आणि सापळ्याने मादी ओढून आणली असंही नसतं. सापळा म्हणजे फक्त बातमी. एका सापळ्यात एका रात्रीत सरासरी तीनच्या वर पतंग यायला लागले की पोंगे बघायला सुरुवात करायची, पंप काढायची नाही. नर पकडून अळी कमी करायची असेल तर एकरी १५ सापळे लागतात, पाचावर ते होत नाही.

दुसरी गोष्ट, अडकलेले पतंग नीट बघितलेत का? या ल्यूरला दुसऱ्या एका लष्करी अळीचे, म्हणजे मिथिम्ना लोरेयीचे फिकट गवती रंगाचे पतंग पण येतात, तुमचे तेच असायची शक्यता मला जास्त वाटते. अमेरिकन लष्करीच्या नराचे पुढचे पंख करडे-तपकिरी चट्ट्यापट्ट्यांचे असतात आणि पंखाच्या टोकाला व मधोमध पांढरट ठिपका दिसतो. एक पतंग कागदावर ठेवून भिंगातून बघा. आणि सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा साधारण फूटभर वर राहील असा पीक वाढेल तसा सरकवत जा, मी बघितलेल्या बऱ्याच शेतांत सापळा मक्याच्या आत बुडालेला असतो आणि मालक म्हणतो पतंगच येत नाहीत. ल्यूर पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदला, हाताला औषधाचा किंवा तंबाखूचा वास असताना हात लावू नका.

आता कुठून येतात. ही कीड मूळची अमेरिका खंडातली. तिला कडाक्याची थंडी सोसत नाही, तिच्याकडे हिवाळा झोपून काढायची सोयच नाही, म्हणून अमेरिकेत ती फ्लोरिडा आणि टेक्सासच्या दक्षिण टोकाला हिवाळा काढते आणि दर उन्हाळ्यात वाऱ्यावर स्वार होऊन उत्तरेला सरकते. पतंग एका रात्रीत १०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि मादी अंडी घालायच्या आधी वारा बरा असेल तर ५०० किलोमीटर पार करते असं धरतात. २०१६ मध्ये ती पश्चिम आफ्रिकेत पहिल्यांदा सापडली, दोनेक वर्षांत जवळजवळ सगळी आफ्रिका, मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याला मक्यावर, त्याच वर्षी पावसाळा संपता संपता आपल्याकडे सोलापूर भागात, २०१९ च्या सुरुवातीला चीनमध्ये आणि २०२० च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात. विचार करा, नांगर न धरता कोणी एवढं जग फिरलंय का.

पण आपल्याकडे तिला दरवर्षी बाहेरून यायची गरजच उरलेली नाही. खरिपाचा मका, मग रब्बीचा, मग उन्हाळी, मध्ये चाऱ्याचा आणि स्वीट कॉर्न, म्हणजे वर्षभर कुठेतरी कोवळा पोंगा तयार असतो. थंडीने मरावं अशी थंडी महाराष्ट्रात पडत नाही. त्यामुळे तुमच्या शेतातला पतंग शिवमोग्याहून आला की शेजारच्या नदीकाठच्या उन्हाळी मक्यातून, हे कोणी सांगू शकणार नाही, आणि मला तरी वाटतं ते नदीकाठचंच जास्त. शेजाऱ्याचा मका तुमच्या आधी पंधरा दिवस पेरलेला आहे असं तुम्हीच पुढं लिहिलंय, तर पुढची पिढी तिथूनच तुमच्याकडे येणार, पोंगे बघत राहा.

प्रश्न : चुलतभाऊ अमेरिकेत आहे, तो म्हणतो तिकडं बीटी मका (अळीला मारणारं प्रथिन स्वतःच तयार करणारं, जनुक बदललेलं वाण) लावतात, फवारायची भानगडच नाही. आपल्याकडं का नाही?
(तासगाव, जि. सांगली)

उत्तर : आपल्याकडे लागवडीला मान्यता असलेलं बीटी पीक कापूसच, मक्याला परवानगी नाही. कोणी चोरून बियाणं देत असेल तर घेऊ नका, उगवलं नाही तर तक्रार करायला तोंड नाही. आणि भानगडच नाही असंही नाही बरं, पोर्टो रिकोत आणि नंतर ब्राझीलमध्ये याच अळीने बीटी मक्यातल्या एका प्रथिनाला दाद देणं बंद केलं. कापसात गुलाबी बोंडअळीने बीटीला न जुमानता आपल्याला काय दाखवलं ते सांगलीकरांना नसेल माहीत पण विदर्भात विचारा.

प्रश्न : आमच्या सात गाई आहेत, मका मुरघासासाठी (आंबवून साठवायच्या हिरव्या चाऱ्यासाठी) करतो. अळी आहे. फवारलेला मका गाईंना दिला तर दुधात उतरेल का? आणि अळी पडलेला मका खाऊन गाईला काही होतं का?
(संगमनेर, जि. अहिल्यानगर)

उत्तर : वहिनी, अळी किंवा तिची विष्ठा पोटात गेली म्हणून गाईला विषबाधा होत नाही, ती काळजी सोडा. काळजी बुरशीची करा. अळीने कणीस पोखरलं की त्या भोकातून पाणी आणि बुरशी शिरते, तसली काळीहिरवी झालेली कणसं मुरघासात जाऊ देऊ नका, बुरशीचं विष दुधात उतरतं.

फवारणीचं म्हणाल तर चाऱ्याच्या मक्याला शक्यतो रासायनिक नकोच. सुरुवातीच्या तीस दिवसांत दर आठवड्याला मोजणी, अंड्यांचे पुंजके दिसले की पान तोडून चिरडायचं, तुमचं क्षेत्र एवढं मोठं नाही, घरातल्या दोघांनी सकाळचं तासभर दिलं तरी होतं. मग ५ टक्के निंबोळी अर्क : पाच किलो निंबोळीची पावडर दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकूण १०० लिटर करायचं आणि त्याच दिवशी मारायचं. विकतचं घ्यायचं तर अ‍ॅझाडिरॅक्टीन १५०० पीपीएम, लिटरला ५ मिली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस (अळी मारणारा जिवाणू) पण चालतं, लिटरला २ ग्रॅम, फक्त अळी बारीक असताना. अगदीच हाताबाहेर गेलं आणि रासायनिक मारावं लागलं तर लेबलवर कापणीपूर्वीचा प्रतीक्षा कालावधी दिलेला असतो, तो पुरा झाल्याशिवाय एक पेंढीसुद्धा दावणीला नको. दुकानदार आठ दिवस म्हणाला, पंधरा म्हणाला, त्यावर जाऊ नका, लेबलवर काय आहे ते वाचा, भिंग लागलं तर भिंग घ्या, अक्षर बारीकच छापतात.

प्रश्न : धान कापणीला आठ दिवस आहेत. परवापासून लोंब्या तुटून खाली पडतायत, दिवसा बघितलं तर काही दिसत नाही. बांधीत (धानाच्या वाफ्यात) एका बाजूने सुरू झालं आणि दुसऱ्या बाजूला सरकतंय. उंदीर असेल का? मक्यावरची अळी धानावर आली का?
(पवनी, जि. भंडारा)

उत्तर : भाऊ, उंदीर नाही आणि मक्यावरची पण नाही. ही आपली जुनीच लष्करी अळी, मिथिम्ना सेपरेटा, तिला आपल्या आजोबांनी पण बघितलंय. दिवसा ती धानाच्या चुडांत (रोपांच्या झुबक्यांत), बुंध्यापाशी, ढेकळांखाली दडून बसते आणि अंधार पडला की वर चढून लोंब्या कुरतडते, खाते थोडं आणि पाडते जास्त. एका बांधीतलं संपलं की झुंडीने पुढच्या बांधीत. टॉर्च घेऊन रात्री आठ-नऊला जा, सगळा कारभार उघड दिसेल.

दिवसा मोजायचं तर एक मीटर बाय एक मीटरच्या जागेतले चूड बाजूला सारून बुंध्यापाशी बघा, असं चार-पाच ठिकाणी करा. चौरस मीटरला सरासरी चार-पाच अळ्या निघाल्या तर नुकसानीची पातळी गाठली म्हणायचं. पण तुमचं पीक आठ दिवसांवर आलंय, या वेळी माझं स्पष्ट मत आहे की औषध मारू नका, जिथे दाणा पक्का झालाय तिथून कापणी सुरू करा. आठ दिवस थांबून जे मिळणार त्यापेक्षा आज कापून जास्त हाती लागेल, आणि तांदूळ तुम्हीच खाणार आहात. जिथून अळी सरकतेय त्या बाजूच्या धुऱ्याला (बांधाला) उभ्या काठाची फूटभर खोल नाली खोदा, अळ्या त्यात पडतात आणि वर चढता येत नाही, सकाळी माती लोटून दाबून टाका. बांधीत पाणी भरायची सोय असेल तर पाणी भरल्यावर बुंध्यातल्या अळ्या वर येतात, मग बगळे आणि साळुंक्या उरलेलं बघून घेतात, गावात कोणाची बदकं असतील तर ती सोडा. पण कापणी तोंडावर आहे, चिखल झाला की कापणाऱ्यांच्या शिव्या तुम्हालाच, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि हो, तुम्ही विचारलंय नुवान चालेल का. ते डायक्लोरव्हॉस, जुन्या पुस्तकांत या अळीला त्याचीच शिफारस आहे, पण ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर देशात बंदी आहे. कोणाकडे जुनी बाटली असेल तर ती तशीच राहू द्या.

कापणी झाली की धसकटं नांगरून टाका, कोष वर येतात, पक्षी खातात. पुढच्या हंगामात धुऱ्यावरचं गवत वाढू देऊ नका, ती आधी तिथेच वाढते.

प्रश्न : पोंग्यात बऱ्याच अळ्या मरून कडक झाल्यात, अंगावर पांढरं-हिरवट पावडरसारखं आहे. आम्ही काहीच मारलं नव्हतं. हा रोग मक्याला लागेल का?
(बार्शी, जि. सोलापूर)

उत्तर : अहो, पेढे वाटा! ही मेटारायझियम रिलाई नावाची बुरशी, पूर्वी नोमुरिया म्हणायचे. ढगाळ, दमट हवा असली की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपोआप पसरते, अळी पानाला धरून ठेवल्यासारखी ताठ होते, आधी पांढरी आणि मग फिकट हिरवी भुकटी येते. मक्याला, जनावराला, माणसाला काही करत नाही. शंभर झाडांत अशा मेलेल्या किती आणि जिवंत किती ते मोजा, जर मेलेल्या जास्त दिसत असतील आणि पाऊसपाणी असंच राहणार असेल तर कीटकनाशक मारू नका, बुरशीनाशक तर अजिबातच नको, तुमच्या फुकटच्या मजुराला तुम्हीच मारल्यासारखं होईल. बाजारात हीच बुरशी मिळते, लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी मारायची. पण कडक उन्हात, कोरड्या हवेत तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, उन्हाळी मक्यात मी तिची शिफारस करत नाही.

पोंग्यात मागे चिमटा असलेला तपकिरी किडा दिसला तर त्यालाही राहू द्या, तो अंडी आणि बारक्या अळ्या खातो.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय, पोंग्यात माती टाका, राख टाका, निरमा टाका, गूळपाणी मारा, भाताच्या कोंड्याचं आमिष टाका. यातलं खरं काय?
(पाच-सहा जणांनी विचारलंय)

उत्तर : माती-वाळू खरं आहे. नऊ भाग बारीक वाळू आणि एक भाग चुना, चिमूटभर पोंग्यात, पीक तीस दिवसांचं व्हायच्या आत. अळीच्या अंगाला घासतं, तिला आत बसवत नाही. मध्य अमेरिकेतले आणि आफ्रिकेतले छोटे शेतकरी माती-राख टाकतातच. दहा गुंठ्यांना छान, दहा एकराला कोण टाकणार. गूळपाण्याने मुंग्या आणि गांधीलमाश्या येतात, त्या अळ्या नेतात, ही पण जुनी युक्ती आहे, नुकसान काही नाही. निरमा नको, कोवळं पान भाजतं.

आमिष हे मात्र गंमत म्हणून करायची गोष्ट नाही. अळी मोठी झाली, फवारा पोचत नाही, तेव्हाचा तो उपाय आहे : १० किलो भाताचा कोंडा, २ किलो गूळ, दोन-तीन लिटर पाणी, एकत्र कालवून २४ तास आंबू द्यायचं, टाकायच्या अर्धा तास आधी त्यात १०० ग्रॅम थायोडीकार्ब हे विषारी कीटकनाशक मिसळायचं, एवढं एका एकराला, संध्याकाळी चिमूट चिमूट पोंग्यात. गुळाच्या वासाला कोंबडी येते, कुत्रं येतं, शेळी तर येतेच. हातमोजे घालून करा, उरलेलं पुरून टाका, ज्या घमेल्यात कालवलं ते पुन्हा घरात आणू नका, आणि चाऱ्याच्या मक्यात हे करूच नका. २०१७ मध्ये यवतमाळला कापसावर फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली, तेव्हा मास्क-हातमोज्यांवर दोन महिने सगळे बोलले. आताचे तुमचे फोटो बघा, निम्म्या फोटोंत पंप मारणारा अनवाणी आहे. डोक्याएवढ्या मक्यात शिरून फवारणं तर त्याहून वाईट, सगळं तोंडावर येतं, तुरा आल्यावर रासायनिक फवारणी परवडत नाही त्यातलं एक कारण हेही आहे.

प्रश्न : रब्बी ज्वारी पेरायची आहे. शेजारी सगळा मका. ज्वारीवर पण ही येते म्हणतात. बीजप्रक्रियेचं औषध मिळतंय ते घ्यावं का? की पेरणी पुढं ढकलू?
(मंगळवेढा, जि. सोलापूर)

उत्तर : येते, मका संपला की ज्वारीवर उतरते. पेरणी पुढं ढकलू नका, तुमच्याकडची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, ओल गेली तर अळीपेक्षा मोठं नुकसान. उलट ओल मिळाली की लवकर आणि आजूबाजूच्यांच्या बरोबरीने पेरा, सगळ्यात मागे राहिलेल्या शेतावर सगळ्या गावाचे पतंग उतरतात.

सायअँट्रानिलीप्रोल + थायामेथोक्झामची बीजप्रक्रिया मक्याला किलोला ६ मिली सांगतात आणि तिने पहिले दोन-तीन आठवडे रोप सांभाळलं जातं. ज्वारीचं बियाणं लहान, तेव्हा मक्याचं माप सरळ ज्वारीला लावू नका, तुमच्या कृषी सहायकाला किंवा मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात लेबल दाखवून विचारा. ज्वारीला पोंग्यात थोडंफार नुकसान झालं तरी ती सावरते, कडब्याची पानं फाटकी दिसतील तेवढं चालवून घ्या. खरं लक्ष पहिला महिना.

प्रश्न : मी एकट्याने मोजून, सापळे लावून काय होणार? बाकीचा गाव काहीच करत नाही.
(मालेगाव, जि. नाशिक)

उत्तर : पतंग सगळ्यांचा आहे हे खरं, पण मोजणीचा फायदा तुमचा एकट्याचाच आहे, एक फवारणी वाचली तरी तुमच्याच खिशात. गावाचं म्हणाल तर २००८ ला सोयाबीनवर अळ्यांनी धुमाकूळ घातला, त्यानंतर २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप ही सरकारी योजना सुरू झाली, ठरलेल्या शेतांत आठवड्याला कीड मोजून त्यावरून सल्ला द्यायचा, पुढे मकाही त्यात आला. तुमच्या कृषी सहायकाला विचारा तालुक्याचा या आठवड्याचा आकडा काय. सांगितला तर तो गावाच्या ग्रुपवर टाका आणि सोबत तुमच्या शेतातला पण टाका. गुड मॉर्निंगच्या फुलांपेक्षा लोक तो नक्की वाचतील. गावाने मिळून खरं करायचं काम एकच, पेरणी आठ-दहा दिवसांत उरकायची. महिनाभर पेरण्या रेंगाळल्या की अळीची एक पूर्ण पिढी तुमच्या गावात पोसली जाते, गरम हवेत अंड्यापासून पतंगापर्यंत तिला साधारण महिनाच लागतो. मक्यात तुरीची किंवा मुगाची ओळ टाका, एकरी दहाएक पक्षीथांबे लावा, मक्याला तुरा यायला लागला की थांबे काढून टाका, नाहीतर तेच पक्षी कणसं खातात.

प्रश्न : स्वीट कॉर्न आहे, अळी कणसात शिरली. व्यापारी भाव पाडतोय. आता काय मारू?
(नारायणगाव, जि. पुणे)

उत्तर : आता काहीच नाही. कणसाच्या आत औषध जात नाही आणि चार दिवसांत लोक ते उकडून खाणार आहेत. एका कणसात मोठी अळी बहुतेक एकच असते, त्या एकमेकींना खातात, आणि ती शेंड्याकडून शिरते किंवा सालाला बाजूने भोक पाडून. शेंड्याकडून शिरली असेल तर शेंडा दोन इंच छाटून, सोललेले दाणे घेणाऱ्या प्रोसेसिंगवाल्याला विचारा, तो अख्ख्या कणसाच्या व्यापाऱ्यापेक्षा बरा भाव देईल. पुढच्या प्लॉटला स्त्रीकेसर यायच्या आधी, पोंगा असतानाच, शंभर झाडं मोजून फोटो पाठवा.